किशोरवयीन मुलांचं आरोग्य, घर आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि स्वतः मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसरीकडे सविस्तर आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किशोरवय म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षं धरते. काही संशोधक ही मर्यादा २४ पर्यंत न्यावी म्हणतात, कारण मेंदूची वाढ विशीनंतरही चालू असते आणि शिक्षण, नोकरी, लग्न सगळंच पुढे गेलं आहे. वय सारखं म्हणून वाढ सारखी असेल असं नाही. एकाच बाकावर एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारच्याचा आवाजही बदललेला नसतो. बरोबरीच्या मुलींपेक्षा फार लवकर वयात आलेल्या मुलींना नैराश्याचा धोका जरा जास्त असतो. अंगाने मोठ्या दिसतात म्हणून लोक त्यांच्याशी मोठ्यांसारखं वागतात, मन मात्र मैत्रिणींच्याच वयाचं असतं.

२. आरोग्य हा डॉक्टरांचा विषय. त्यात घर आणि शाळा कुठून आली?

या वयात आजार तसे कमी. लहानपणचे संसर्ग मागे पडलेले असतात, उतारवयातली दुखणी लांब असतात. बिघडतं ते झोप, खाणं, हालचाल, मन, व्यसनं, अपघात आणि मारामाऱ्या यांतून, आणि यातल्या बहुतेक गोष्टींचं वेळापत्रक घर आणि शाळा मिळून ठरवतात. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सुचवते. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयोगटातली सुमारे ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती. इतकी मुलं एकाच वेळी आळशी निघाली, हे काही पटत नाही. खेळाचा तास गणिताला दिला जातो, मैदानावर वाहनं उभी राहतात आणि संध्याकाळ शिकवणीत जाते, हे जास्त पटतं.

मनाचंही तेच. १० ते १९ वयोगटात साधारण सातातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं होतं, की आयुष्यात कधीही मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्या लोकांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. चौदाव्या वर्षी मूल दवाखान्यात क्वचितच जातं. असतं ते वर्गात नाहीतर घरी.

३. मग घर जास्त महत्त्वाचं की शाळा?

अमेरिकेत १९९४-९५ मध्ये सातवी ते बारावीच्या मुलांची एक फार मोठी पाहणी सुरू झाली. १९९७ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा दोन गोष्टी उठून दिसल्या. आईवडील आपल्या जवळचे आहेत असं वाटणं, आणि शाळा आपली आहे, तिथे आपल्याला कुणी मोजतं असं वाटणं. ज्यांना हे वाटत होतं त्यांच्यात मनाचा त्रास, हिंसा, व्यसनं यांचं प्रमाण कमी होतं.

एक बाजू लंगडी असेल तर दुसरी काही प्रमाणात सांभाळून घेते. घरी धड नसलेली मुलं एखाद्या शिक्षिकेच्या आधारावर तरून गेल्याचं या क्षेत्रात काम करणारा कुणीही सांगेल. पण यावरून शाळेने घराची जागा घ्यावी, असं म्हणण्यात अर्थ नाही. उलट आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्रारींत घर शाळेकडे बोट दाखवतं आणि शाळा घराकडे. मूल मध्ये उभं.

४. शाळेचं वातावरण चांगलं आहे की नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं?

निकालाची टक्केवारी आणि इमारत बाजूला ठेवा. मुलाची पाण्याची बाटली बघा. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत येत असेल, तर पोर दिवसभर पाणी पीत नाही. का पीत नाही? बहुतेक वेळा स्वच्छतागृहात जायचं नसतं म्हणून. कडी तुटलेली असते, घाण असते, मोठी मुलं दारात उभी असतात किंवा तासाला बाहेर सोडत नाहीत. लघवी दाबून धरण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, डोकेदुखी हे सगळं मागे लागतं. मुलींच्या बाबतीत पाळीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते. पॅड कुठे टाकायचं आणि डाग पडला तर कुणाकडे जायचं, याचं उत्तर मुलीला माहीत आहे का, एवढं विचारलंत तरी शाळेबद्दल बरंच कळतं.

दुसरी खूण: शाळेतल्या किती मोठ्या माणसांना तुमच्या मुलाचं नाव माहीत आहे? हुशार आणि खोडकर दोघांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मधल्या बाकांवरची शांत मुलं वर्षभर कुणाच्या लक्षात न येता पुढच्या इयत्तेत जातात. एखाद्या मुलाला विचारा, ‘उद्या तू आला नाहीस तर कुणाच्या लक्षात येईल?’ शिपाईकाका म्हणाला तरी चालेल. ‘कुणाच्याच नाही’ असं आलं, तर थांबून चौकशी करावी.

तिसरी खूण चूक झाल्यावर दिसते. गृहपाठ राहिला, मारामारी झाली, वस्तू हरवली, तर वर्गासमोर पाणउतारा होतो की बाजूला घेऊन विचारलं जातं? मार देणाऱ्या शाळेबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. माराने शिस्त टिकत नाही आणि आक्रमकपणा वाढतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही.

५. दर सोमवारी सकाळी मुलाचं पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात काही नाही. नाटक करतोय का?

दुखतंय हे खरं धरून चला. आतडी आणि मेंदू यांचं नातं घट्ट असतं, भीतीने पोटात कळ येते आणि ती खरीखुरी कळ असते. मोठ्यांनाही मुलाखतीच्या सकाळी हा अनुभव येतो. डॉक्टरांनी तपासलं हे बरंच झालं. वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारं दुखणं यांपैकी काही असेल तर पुन्हा दाखवा.

आता दुखण्याचं वेळापत्रक लिहून काढा. रविवारी संध्याकाळी सुरू होतं का? सुट्टीत जातं का? ठरावीक वारी जास्त असतं का? त्या वारी कुठला तास असतो, कुठले शिक्षक असतात, त्या दिवशी बसमध्ये कोण असतं? पंधरा दिवसांची अशी नोंद कितीतरी तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते. कारण दुखण्यामागे बऱ्याचदा एक तास, एक माणूस किंवा एक जिना असतो.

घरी ठेवून घ्यावं का? एखादा दिवस ठीक. पण आठवडाभर घरी राहिलं की शाळेत परतणं दुप्पट अवघड होतं. अभ्यास मागे पडतो, मित्र विचारतात, भीती वाढते. शाळेशी बोलून अर्धा दिवस, आवडता तास, दारात ओळखीचं माणूस, अशा पायऱ्यांनी परत नेणं हा रुळलेला मार्ग आहे. छळाचा प्रकार निघाला तर आधी प्रश्न ८ वाचा. छळ चालू असलेल्या जागी पायऱ्यापायऱ्यांनी नेण्यात काही अर्थ नाही.

६. रात्री बारापर्यंत जागतो आणि सकाळी हलवून उठवावं लागतं. सगळा दोष फोनचा ना?

सगळा नाही. वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं वेळापत्रक पुढे सरकतं, काहींचं दोन तासांपर्यंत. दहा वाजता झोप न येणं हा उद्धटपणा नाही. शाळेची घंटा मात्र जुन्याच वेळेला वाजते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. आता बारा ते सहा मोजा.

म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं. सिअॅटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मुलं त्यामुळे आणखी उशिरा झोपतील, ही शंका तिथेही होती. पण मोजल्यावर दिसलं की रोजची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये तसा कायदाच झाला आणि २०२२ पासून तो लागू आहे. पालक-शिक्षक सभेत सहलीच्या वर्गणीवर तासभर चर्चा होते, शाळेच्या वेळेवर होत नाही. ती करून बघा.

शाळेची वेळ बदलत नसेल तर घरी करण्यासारखं: सकाळी उठल्याबरोबर उजेडात नेणं, सुट्टीच्या दिवशी दोन तासांपेक्षा जास्त उशिरा न उठणं, दुपारनंतर चहा-कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद, आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. शेवटचा नियम घरातल्या सगळ्यांना लागू असेल तरच चालतो. शिकवणी रात्री नऊला सुटत असेल, तर आधी शिकवणीची वेळ बघा, मग फोन.

७. थोडा ताण असल्याशिवाय अभ्यास होत नाही. किती ताण म्हणजे जास्त?

परीक्षेआधी पोटात गोळा येणं आणि परीक्षा झाल्यावर तो जाणं, हे ठीक. परीक्षा संपली तरी झोप, भूक, खेळ, मित्र परत येत नसतील तर जास्त. युरोप, मध्य आशिया आणि कॅनडातल्या मुलांची दर चार वर्षांनी एक पाहणी होते. २०२२ च्या फेरीत १५ वर्षांच्या ६३ टक्के मुलींनी अभ्यासाचं दडपण येतं असं सांगितलं, चार वर्षांपूर्वी हे प्रमाण ५४ होतं. मुलांमध्ये ते ४० वरून ४३ झालं. त्याच काळात घरचा भक्कम आधार आहे असं सांगणारी मुलं कमी झाली. ओझं वाढलं आणि हात लावणारे घटले.

‘आम्ही कधीच दडपण आणत नाही’ असं बहुतेक आईबाप मनापासून सांगतात. पण निकाल लागला की पहिला प्रश्न ‘किती पडले?’ आणि दुसरा ‘सगळ्यात जास्त कुणाला?’ असेल, तर वेगळं दडपण आणायची गरज उरत नाही.

८. चिडवाचिडवी तर आम्हीही केली. तिला छळ कधी म्हणायचं? आणि तक्रार केली तर त्रास वाढणार नाही का?

डॅन ओल्व्हेउस या नॉर्वेत काम केलेल्या संशोधकाने तीन कसोट्या दिल्या, त्या अजून वापरात आहेत. मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि समोरच्याला परतफेड करता येणार नाही अशी ताकदीची तफावत. ताकद अंगाचीच असते असं नाही. वर्गातली लोकप्रियता, पैसा, जात, रंग, एखाद्याचं गुपित हातात असणं, हीसुद्धा ताकदच. दोन मित्र एकमेकांना टोपणनावाने हाक मारून हसत असतील तर तो छळ नाही. एकच हसत असेल तर विचारा.

तक्रारीने त्रास वाढू शकतो, ही भीती खरी आहे. विशेषतः शाळेने दोघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा, मिटवून टाका’ केलं तर. ताकदीची तफावत असताना समेट घडवला की दुबळ्याला दुसऱ्यांदा हरवल्यासारखं होतं. म्हणून शाळेत जाताना तारीख, जागा, काय झालं, कुणी पाहिलं हे लिहून न्या. शिक्षा काय करणार यापेक्षा उद्या मधल्या सुट्टीत माझी मुलगी सुरक्षित राहावी म्हणून काय बदलणार, हे विचारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायची तारीख घेऊन या. मुलीला न सांगता जाऊ नका. ‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्लाही नको, पकडली जाते ती तीच. फिनलंडमधल्या शाळांनी बघ्यांवर काम करण्यावर भर दिला आणि छळाचं प्रमाण उतरलं. छळणाऱ्याला प्रेक्षक लागतात.

९. मुलगी घरी काहीच सांगत नाही. तिचा फोन गुपचूप तपासला तर चुकलं का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर जरा मोठं.

मुलं कुठे आहेत, कुणाबरोबर आहेत हे ज्या आईवडिलांना माहीत असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, हे जुनंच निरीक्षण. त्यावरून सल्ला निघाला तो लक्ष ठेवा, चौकशी करा असा. स्वीडनमध्ये मार्गारेट कर आणि हाकन स्टॅटिन यांनी २००० मध्ये चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात वेगळाच प्रश्न विचारला. आईवडिलांना हे कळतं कुठून? उत्तर आलं, बहुतांशी मुलं आपणहून सांगतात म्हणून. पाळत आणि उलटतपासणी यांचा वाटा त्यामानाने थोडा होता. एवढंच नाही, आपल्यावर फार नियंत्रण ठेवलं जातं असं वाटणाऱ्या मुलांची अवस्था काहीशी वाईटच होती.

म्हणजे प्रश्न बदलतो. मूल सांगतं कधी? मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं, यावर ते ठरतं. मैत्रीण सिगारेट ओढते हे सांगितल्यावर त्या मैत्रिणीशी बोलणंच बंद करायला लावलं. एका विषयात नापास झाल्याचं सांगितलं, ते रात्री मावशीला फोनवर कळलं. मुलीने दोन्ही नोंदवून ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी ‘दिवस कसा गेला?’ ला ‘ठीक’ हेच उत्तर येणार.

काय करता येईल? समोर बसवून विचारण्यापेक्षा भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेली असताना, कुत्र्याला फिरवताना, म्हणजे नजरेला नजर न भिडवता बोलणं सोपं जातं. ती काही सांगत असताना पहिलं वाक्य उपदेशाचं नको. ‘मग?’ एवढं पुरतं. आणि ‘मी काही करायला हवं आहे, की नुसतं ऐकू?’ हे विचारून बघा. सुरुवातीला तिला संशय येईल, येऊ द्या.

फोनबद्दल: लहान वयात, फोन देतानाच ‘आम्ही अधूनमधून बघू’ असं उघड ठरलेलं असेल तर बघणं वेगळं. गुपचूप तपासणी एकदाच चालते, कळलं की ती दुसरा अकाउंट काढते आणि तुम्हाला जे थोडंफार कळत होतं तेही बंद होतं. अपवाद एकच. जिवाला धोका आहे किंवा मोठ्या वयाचं कुणी तिला नादाला लावत आहे असा ठोस संशय असेल, तर बघा, आणि बघितलं हे नंतर तिला सांगा.

१०. मग कडक राहायचंच नाही का?

राहायचं. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांच्या १९६० च्या दशकातल्या कामापासून वारंवार दिसत आलं आहे, की माया आणि नियम दोन्ही असलेल्या घरांतली मुलं सगळ्यांत बरी राहतात. नुसता धाक किंवा नुसती मोकळीक, दोन्हींचा निकाल त्यापेक्षा कमी. फरक करायचा तो नियम वागण्यावर आहे की मनावर, यात. ‘नऊच्या आत घरी’ हा वागण्यावरचा नियम. चार दिवस अबोला धरणं, ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसलं’ हे रोज ऐकवणं, हा मनावरचा. पहिल्याने मुलं कुरकुरतात, दुसऱ्याने आतून खचतात.

११. आमची पैशांची फार ओढाताण आहे. मुलांवर त्याचा परिणाम होतोच का?

होऊ शकतो, पण थेट नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली शेती बुडाली, तिथल्या कुटुंबांचा पुढे बरीच वर्षं अभ्यास झाला. साखळी अशी दिसली: पैशांची चणचण, त्यातून आईवडिलांची उदासी आणि चिडचिड, त्यातून आपसांतली भांडणं, त्यातून मुलांवर ओरडणं किंवा दुर्लक्ष, आणि मग मुलांचा त्रास. ही साखळी मधे कुठेही तोडता येते. पैसा हातात नसला तरी भांडण मुलांसमोर न करणं, महिन्याची परिस्थिती त्यांच्या वयाला झेपेल एवढी सांगणं, सहलीला का पाठवता येत नाही हे खोटं कारण न देता सांगणं, हे हातात असतं.

तरी ‘पैशाने काय होतं’ असं कुणी म्हणू नये. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजाने कॅसिनो, म्हणजे जुगारघर, काढला आणि नफ्यातला वाटा त्यांच्यातल्या प्रत्येकाला मिळू लागला. योगायोगाने तिथल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास आधीपासून चालू होता. जी कुटुंबं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांमधली आक्रमकता आणि उलट वागणं उतरलं. चिंता आणि उदासी मात्र फारशी हलली नाही. संशोधकांना सापडलेलं मुख्य कारण साधं होतं: आईबापांना मुलांकडे बघायला सवड मिळाली. शिष्यवृत्ती, शाळेतलं जेवण, फीची सवलत ज्यावर हक्क आहे ते मागायला लाजू नका. शाळांनीही फी थकलेल्यांची नावं वर्गात वाचणं थांबवावं.

१२. आमचं दोघांचं पटत नाही. मुलांसाठी एकत्र राहावं का?

बाहेरून कुणी याचं उत्तर देऊ नये, पण एक माहिती निर्णयाला उपयोगी आहे. मुलांना सर्वांत जास्त पोखरतं ते न संपणारं, त्यांना मधे ओढणारं भांडण, मग छप्पर एक असो वा दोन. रोज आदळआपट असलेल्या घरात वेगळं होणं मुलांना बरेचदा मानवतं. वरवर शांत घर अचानक तुटलं तर जड जातं, कारण त्यांच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. मुलाला निरोप्या करू नका. ‘तुझ्या बाबांना सांग’ हे वाक्य टाळलंत तरी बरंच साधलं.

१३. मला नैराश्यावर गोळ्या चालू आहेत. मुलापासून लपवू का?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलापासून ते लपलेलं नसतं, फक्त त्याच्याकडे त्याला नाव नसतं. मग ‘माझ्यामुळेच आई अशी झाली’ हे उत्तर तो स्वतः काढतो. ‘मला एक आजार आहे, त्यावर उपचार चालू आहेत, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं तुझं काम नाही’, एवढं पुरे. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारांनी ज्या आयांचं नैराश्य उतरलं त्यांच्या मुलांचीही लक्षणं तीन महिन्यांत कमी झाली होती, मुलांवर वेगळा उपचार न करता. गोळ्या घेणं हे मुलासाठीही काहीतरी करणं आहे.

१४. रोज एकत्र जेवल्याने मुलं व्यसनांपासून लांब राहतात, हे खरं?

संबंध दिसतो, पण एकत्र जेवणारी घरं आधीपासूनच जरा स्वस्थ असतात. ते हिशोबात घेतलं की जेवणाचा स्वतंत्र वाटा बराच लहान होतो. पाळीत काम करणाऱ्या आईवडिलांनी यावरून अपराधी वाटून घेऊ नये. जेवताना गुणांवरून बोलणी बसत असतील, तर वेगवेगळं जेवलेलं बरं.

१५. शाळेत ध्यानाचे तास सुरू करायचे आहेत. उपयोग होईल का? (एका मुख्याध्यापिकेचा प्रश्न)

अपेक्षा बेताची ठेवा. ब्रिटनमधल्या ऐंशीहून अधिक शाळांत, आठ हजारांवर विद्यार्थ्यांसह हा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या शाळेपेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नव्हता. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही, यात नवल काही नाही.

याउलट बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांचा प्रयोग बघा, निष्कर्ष २०१८ चे. तिथे प्रत्येक मुलाला शांत व्हायला शिकवण्यापेक्षा शाळा बदलण्यावर भर होता: मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, परिपाठात चर्चा, मुलांचे गट, गरजेनुसार एकट्याशी बोलणं. हे काम बाहेरून आणलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी केलं तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, छळ आणि हिंसा कमी झाली. हेच काम शिक्षकांकडे दिलं तिथे काहीच झालं नाही. शिक्षक वाईट होते असं नाही. अभ्यासक्रम, तपासणी, इतर सरकारी कामं यांवर आणखी एक ओझं टाकलं होतं, शिवाय गुण देणाऱ्या माणसापाशी मन मोकळं करणं अवघड. पेटी लावणार असाल तर कोण उघडतं हे मुलांना सांगा आणि चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं हे दिसू द्या.

१६. विद्यार्थ्याने ‘सर, कुणाला सांगू नका’ म्हणून काही सांगितलं. शब्द द्यायचा का?

पूर्ण शब्द देऊ नका. ‘तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी त्रास देत असेल, तर मला एखाद्याला सांगावं लागेल. कुणाला आणि काय, हे आधी तुला सांगेन’ असं ऐकायला बसतानाच बोला. आधी कबूल करून नंतर मोडण्यापेक्षा हे बरं, कारण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं यावर मूल पुढे सांगायचं की नाही ते ठरवतं, हे प्रश्न ९ मधलं सूत्र शिक्षकांनाही लागू आहे. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना त्याची गोष्ट सांगणं हे तर अजिबातच नाही.

१७. मी पंधरा वर्षांची आहे. मला त्रास घरातल्याच माणसापासून आहे. कुणाला सांगू?

सर्वांत आधी, यात तुझी चूक नाही. ज्या मोठ्या माणसाने आजवर तुझं ऐकताना घाई केली नाही, अशा एकाला निवड: शिक्षिका, समुपदेशक, मैत्रिणीची आई, डॉक्टर, मावशी. सगळं सांगायची गरज नाही. ‘घरी माझ्याबरोबर काहीतरी चुकीचं होतंय, मला मदत हवी आहे’ हे वाक्य पुरतं, लिहून दिलंस तरी चालेल. पहिल्या माणसाने विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याला सांग. असं होतं कधी कधी, त्याचा अर्थ तू खोटी आहेस असा नाही. मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर नाव न सांगताही बोलता येतं.

१८. मुलगा म्हणाला ‘मी नसतो तर बरं झालं असतं’. जीव देण्याबद्दल थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरवलं जाईल का?

नाही. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, हे अभ्यासांत तपासलेलं आहे. उलट बऱ्याच मुलांना हायसं वाटतं. शांतपणे विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हे ठरवलं आहेस का?’ हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात घाला आणि त्याच दिवशी डॉक्टर, रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा हेल्पलाइन गाठा. परीक्षा बुडाली तर बुडू दे.

१९. घर चांगलं, शाळा चांगली, मित्र आहेत, गुण आहेत. तरी ती खचलेली आहे. आमचं काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. घर आणि शाळा धोका कमी-जास्त करतात, आजार व्हायचा की नाही हे एकट्याने ठरवत नाहीत. आनुवंशिकता, थायरॉइडसारखे आजार, रक्तक्षय, कुणाला न सांगितलेला एखादा प्रसंग, यांपैकी काहीही असू शकतं. ‘तुला कमी काय आहे?’ हे वाक्य मात्र बंद करा. आधीच तिला स्वतःचा राग आलेला असतो, त्यात कृतघ्नपणाची भर पडते. दोन आठवड्यांहून जास्त काळ हेच चालू असेल तर तज्ज्ञांना दाखवा.

२०. बालपणातल्या आघातांची ऑनलाइन चाचणी दिली, माझे सहा गुण आले. आता माझ्या मुलांचंही असंच होणार का?

ही प्रश्नावली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारो प्रौढांची सरासरी काढली तर जास्त आघात आणि जास्त आजार यांचा संबंध स्पष्ट दिसतो. पण एका माणसाचं भविष्य सांगायला ती बनवलेली नाही. तुमच्या वाट्याला नंतर कोण भलं माणूस आलं, हे त्या सहा गुणांत मोजलेलंच नाही. मुलांच्या बाबतीत प्रश्न ९, १० आणि १३ जास्त कामाचे.

२१. शाळेत सगळे म्हणतात किती गुणी मुलगा. घरी आला की दप्तर फेकतो, बहिणीवर ओरडतो. खरा कोणता?

दोन्ही. दिवसभर स्वतःला आवरून धरणारी मुलं सुरक्षित जागी येऊन सुटतात, आणि ती जागा बहुधा घर असते. ऐकायला कमी येणं, वाचनात अडचण, स्वमग्नता असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, कारण त्यांना वर्गात टिकून राहायलाच दुप्पट ताकद लागते. तेव्हा तसं काही नाही ना, हे एकदा तपासून घ्या. घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न नकोत, गृहपाठ नको, खायला द्या आणि सोडून द्या. मात्र बहिणीला मारायला परवानगी नाही, हा नियम त्या अर्ध्या तासातही चालू राहतो.

उलटा प्रकारही असतो, घरी गरीब गाय आणि शाळेतून रोज तक्रार. तेव्हा ‘आमच्याकडे तर असं करत नाही’ म्हणून वाद घालण्याआधी शाळेला विचारा: कोणत्या तासाला, कुणाजवळ बसल्यावर, मधल्या सुट्टीच्या आधी की नंतर. आणि त्या दिवशी डब्यातलं किती संपलं होतं, तेही बघा.